मांडव सुटण्यापूर्वी

अनंत चतुर्दशी उलटली की ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत मांडव सुटू लागतात. कनाती उतरतात, झालरींच्या घड्या होतात, काथ्याच्या गाठी सोडून बांबू मोकळे केले जातात, आणि ज्या चौकात दहा-अकरा दिवस एक उंच, प्रशस्त, कमानदार वास्तू उभी होती, जिच्या छायेखालून हजारो माणसे रांगेने दर्शन घेऊन गेली, त्या चौकात आठवडाभरात तिचा मागमूसही उरत नाही. उरतात ती छायाचित्रे. ती पाहू गेले तर त्यांत मूर्ती असते, आरतीचे तबक हाती घेतलेले मान्यवर असतात, ढोल-ताशांचे पथक असते, मंडळाचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे असतात. परंतु ज्या वास्तूच्या पोटात हे सारे घडले तिचा खांब कोठे रोवला होता, छत किती खणांचे होते, कमान कशावर तोलली होती आणि उजेड कोणत्या बाजूने आत येत होता, यांचा दाखला त्या शेकडो चित्रांत मिळत नाही. मंडप ही वास्तुकलेची एक स्वतंत्र, मोलाची आणि अत्यंत अल्पायुषी शाखा आहे. आणि जी वस्तू अल्पायुषी आहे तिची नोंद तिच्या हयातीतच काळजीने करून ठेवणे हे ती उभारणाऱ्यांचे आणि ती ज्यांच्या गावात उभी राहते त्यांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडप म्हटला म्हणजे केवळ उत्सवाचा मांडव माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. देवळाचा सभामंडप, लग्नाचा मांडव, साहित्य संमेलनाचा शामियाना, तळ्याकाठची छत्री, परदेशातील महाप्रदर्शनांत एकेका राष्ट्राने उभारलेले दालन, ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. भिंतींनी कोंडलेल्या जागेत राहणे हा या वास्तूंचा हेतू नाही. चार खांबांवर छाया धरून माणसांना काही काळ एकत्र आणणे हा त्यांचा हेतू आहे. म्हणूनच त्या चहूबाजूंनी उघड्या असतात, म्हणूनच त्यांचे सौंदर्य भिंतीपेक्षा मोकळ्या जागेत अधिक असते, आणि म्हणूनच त्यांचे छायाचित्र घेणे हे घराचे किंवा कचेरीचे छायाचित्र घेण्याहून अवघड काम आहे.

या प्रांतात मंडपाची थोरवी ज्याला समजून घ्यायची असेल त्याने कल्याणहून अंबरनाथला जावे. वालधुनीच्या काठचे ते शिवालय शिलाहारांच्या काळातले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख त्यात आहे, आणि त्यात मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी राजाचे नाव आहे. भूमिज शैलीतील या मंदिराच्या जंघेवरील मूर्तींचे कौतुक सर्वच पाहुणे करतात, आणि ते रास्तच आहे. परंतु तीन दिशांना तीन मुखमंडप असलेला, मध्यभागी चार समृद्ध कोरीव स्तंभांवर घुमटाकार वितान तोलून धरणारा तो सभामंडप हा माझ्या मते त्या वास्तूचा आत्मा आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून मुखमंडपाच्या अर्धछायेत, तेथून सभामंडपाच्या गडद शीतलतेत, आणि तेथून वीसएक पायऱ्या उतरून गर्भगृहात अशी जी प्रकाशाची उतरंड त्या शिल्पकाराने योजली आहे, ती एकाच चित्रात पकडता येत नाही. बाहेरचा उजेड प्रमाण धरावा तर आतले स्तंभ काळोखात बुडतात, आणि आतले कोरीवकाम उजळावे तर मुखमंडपाबाहेरचा प्रकाश पांढराफटक होऊन दाराची चौकट गिळतो. आमच्या काळ्या पाषाणाचा हा गुण छायाचित्रकाराची सत्त्वपरीक्षाच पाहतो.

या सभामंडपाचा इतिहास आमच्या विषयाशी आणखी एका नात्याने जोडलेला आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही दोन नावे होती. नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार म्हणून नावाजले गेले. याच भाऊ दाजींनी अंबरनाथच्या शिलालेखाचे वाचन केले, आणि त्यातील शक ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासून ९८२ असे वाचन सिद्ध केले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी पालटले. भाऊ दाजींच्या विद्वत्तेस यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. झिजलेल्या अक्षरांचा विश्वासू ठसा, विश्वासू चित्र आणि त्यांची पुनःपुन्हा तपासणी यांवाचून इतिहास उभा राहत नाही, एवढेच या प्रकरणावरून ध्यानी घ्यायचे आहे.

१८६८ साली, प्राचीन वास्तूंची नोंद करण्याची तजवीज सरकारने हाती घेतली तेव्हा मुंबई इलाख्यातून अंबरनाथची निवड झाली. सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली तेथे एक तुकडी मुक्कामाला गेली. तिने मंदिराचे आलेख काढले, छायाचित्रे घेतली आणि कोरीवकामाचे साचे तयार केले. त्या सामग्रीच्या आधारे १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त मंदिराचे वर्णन आलेखांसह छापून आले. हेन्री कझेन्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथातही अंबरनाथला स्थान आहे, आणि आमच्या काळात डॉ. कुमुद कानिटकर यांनी या शिवालयावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला आहे. एका मंदिराभोवती दीडशे वर्षांत एवढे दप्तर जमले म्हणूनच आज कोणी संशोधक एखाद्या भग्न मूर्तीपुढे उभा राहून, ती पूर्वी कशी होती आणि केव्हा झिजली, असा प्रश्न विचारू शकतो. ज्या वास्तूचे जुने चित्रच नाही तिच्याविषयी हा प्रश्नही विचारता येत नाही.

मंडपाचे छायाचित्र कसे घ्यावे याविषयी थोडे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हातात भ्रमणध्वनी असलेला प्रत्येक मनुष्य आज छायाचित्रकार आहे, आणि त्याच्या हौसेला थोडी शिस्त लाभली तर तीतून मोठे कार्य होण्यासारखे आहे. पहिली गोष्ट खांबांच्या लंबरेषेची. उंच मंडपासमोर उभे राहून कॅमेरा वर कलवला की उभे खांब माथ्याकडे एकमेकांजवळ झुकलेले दिसतात आणि सरळ वास्तू मागे कोसळत असल्याचा भास होतो. वास्तूची छायाचित्रे घेणारे जुने लोक मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी वर सरकवून हा दोष टाळीत. हल्ली त्याकरिता सरकती भिंगे मिळतात. परंतु ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याने मागे हटावे, शक्य तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून कॅमेरा अगदी सपाट धरावा. एवढ्याने निम्मे काम होते. दुसरी गोष्ट अक्षाची. मंडप बहुधा एका अक्षावर रचलेला असतो, दारापासून मूर्तीपर्यंत, आणि त्या अक्षावर नेमके उभे राहून घेतलेले एक चित्र, दोन्ही कोपऱ्यांतून तिरके घेतलेले एकेक, आणि मूर्तीच्या बाजूने दाराकडे पाहत घेतलेले एक, अशी चार चित्रे वास्तूची सारी हकीकत सांगू लागतात. यांतले शेवटचे चित्र कोणीच घेत नाही. देवाकडे पाठ कशी करावी, हा संकोच मला समजतो. पण बाजूला सरकून, कठड्याशी उभे राहून ते घेता येते, आणि मंडपात शिरणारी माणसे व बाहेरचा उजेड ही त्या वास्तूची खरी शोभा त्याच चित्रात उमटते.

छताकडेही आम्ही दुर्लक्ष करतो. अंबरनाथच्या सभामंडपाचे वितान असो किंवा कोकणातील जुन्या देवळाची लाकडी तक्तपोशी असो, मंडप बांधणाऱ्याने आपली बुद्धी आणि हौस सर्वाधिक वर ओतलेली असते. कॅमेरा जमिनीवर बरोबर मध्यबिंदूवर उताणा ठेवून काही सेकंदांच्या विलंबाने कळ दाबली तर छताचे सर्व खण, तुळया आणि त्यांचा मेळ एका चित्रात सापडतो. अंबरनाथसारख्या संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, ती अर्ज करून घ्यावी. साधे हातातले छायाचित्रण मात्र कोणासही करता येते. आणि एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे मोजमाप. खांबाशेजारी एखादा माणूस उभा असला की उंचीचा अंदाज येतो. परंतु खांबाला टेकून एक मीटरची पट्टी ठेवली तर अंदाजाचे रूपांतर पुराव्यात होते. अशी पट्टीसह, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी चित्रे चहूबाजूंनी घेतली तर त्यांच्यावरून संगणक त्या वास्तूची त्रिमित प्रतिकृती रचून देतो. टेरी यांच्या तुकडीला मुक्काम ठोकून साच्यांनी जे साधावे लागले, त्यातील पुष्कळसे आज एका सकाळच्या कामात साधण्यासारखे आहे.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला युरोपातील एक प्रसंग मी उत्तरादाखल देतो. १९२९ साली बार्सेलोना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जर्मनीने एक मंडप उभारला. त्याचे कर्तेपण मीस व्हॅन डेर रोहे या वास्तुविशारदाकडे होते, आणि त्यात प्रदर्शन म्हणावे असे जवळजवळ काहीच मांडलेले नव्हते. वास्तू हेच तेथील प्रदर्शन होते. क्रूसाच्या आकाराचे आठ चकचकीत पोलादी स्तंभ छताचा भार वाहत होते, आणि संगमरवराच्या व गोमेदाच्या भिंती त्या भारातून मुक्त होऊन जागेत हव्या तशा उभ्या होत्या. कोकणातील लाकडी सभामंडपाचा मूळ विचारही यापेक्षा निराळा नाही: छत खांबांवर, भिंत हवी तेथेच आणि हवी तेवढीच. १९३० च्या आरंभी प्रदर्शन संपताच तो मंडप उकलून टाकण्यात आला. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ही वास्तू जगाला ठाऊक होती ती बहुतांशी त्या वेळी घेतलेल्या थोड्या कृष्णधवल छायाचित्रांतून. त्या चित्रांवर वास्तुविद्येच्या पिढ्या पोसल्या, त्यांवर ग्रंथ झाले, आणि अखेर १९८३ ते १९८६ या काळात त्याच जागी, जुने आलेख आणि तीच छायाचित्रे प्रमाण मानून, मंडप पुन्हा उभा करण्यात आला. एका वर्षाचेही आयुष्य न लाभलेल्या वास्तूला छायाचित्रांनी पुनर्जन्म दिला. त्यातही पाषाणांचे रंग कृष्णधवल चित्रांतून कळण्यासारखे नव्हते, आणि पुनर्रचना करणाऱ्यांना त्याकरिता निराळा शोध घ्यावा लागला. नोंद करणाऱ्याने रंग, द्रव्य आणि त्याचे मूळ हेही लिहून ठेवले पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावा.

लंडनमध्ये १८५१ साली पॅक्स्टन यांनी उभारलेला काचमहाल सिडनहॅम येथे हलविला गेला, तेव्हा त्याची पुनर्बांधणी फिलिप डेलामोट या छायाचित्रकाराने टप्प्याटप्प्याने टिपून ठेवली. १९३६ साली तो महाल आगीत नष्ट झाला. लोखंडाचा प्रत्येक सांधा कसा चढत गेला हे आज त्या चित्रांत दिसते. जपानमधील क्योतो येथील सुवर्णमंडप १९५० साली जळाला आणि १९५५ साली पुन्हा उभा राहिला, तोही मेइजी काळातील दुरुस्तीच्या वेळी काढलेले आलेख आणि जुनी छायाचित्रे हाताशी होती म्हणून.

आणि आपल्या देशातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अशक्य आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ साली, दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवाल यांच्या कल्पनेतून आणि अभियंता महेंद्र राज यांच्या गणितातून ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे भव्य प्रदर्शन-दालन उभे राहिले. त्याच्यासारख्या त्रिकोणी जाळीच्या रचनेसाठी जगात पोलाद वापरीत. आपल्याकडे पोलाद महाग आणि कामकऱ्यांचे हात मुबलक, म्हणून ती सारी जाळी जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये साधली गेली. गरीब राष्ट्राने आपल्या मर्यादेतूनच काढलेला तो एक अभिमानास्पद मार्ग होता. एप्रिल २०१७ मध्ये ते दालन जमीनदोस्त करण्यात आले. वास्तूने साठ वर्षे पूर्ण केलेली नसल्याने ती वारशात गणता येत नाही, असा युक्तिवाद त्या वेळी पुढे आला होता. पंचेचाळीस वर्षांची वास्तू तरुण म्हणून मारावी, हा न्याय मला आजही पटलेला नाही. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने दक्षिण आशियाच्या वास्तुकलेचे मोठे प्रदर्शन भरविले, त्यात या दालनाला मानाचे स्थान होते. पण तेथे पाहावयास मिळाली ती प्रतिकृती आणि छायाचित्रे.

दिल्लीत जे गाजावाजा होऊन घडले तेच आमच्या भागात गाजावाज्यावाचून, आणि पुष्कळदा श्रद्धेच्या भरात, घडत असते. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात देवळांचे सभामंडप पूर्वी बहुधा लाकडी असत: दगडी जोत्यावर सुरूदार खांब, त्यांवर कोरीव हस्त, खांबाखांबांमध्ये महिरपी, वर तक्तपोशी आणि त्यावर उतरत्या कौलांचे छप्पर. कोकणच्या पावसाला आणि कोकणच्या कीर्तनाला सारखेच सोयीचे असे हे स्थापत्य होते. पाऊस पागोळ्यांनी बाहेर पडे आणि बुवांचा आवाज लाकडात घुमून शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे. टिटवाळ्याच्या महागणपतीसमोरचा जुना लाकडी सभामंडप मोडकळीस आल्यावर १९६५-६६ च्या सुमारास त्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. ठाण्याचे कोपिनेश्वर मंदिर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधविले, आणि त्यातही पुढच्या पिढ्यांनी आपापल्या काळात भर घातली. देऊळ हे भक्तांचे चालते-बोलते घर आहे. ते वाढणार, दुरुस्त होणार, गर्दी वाढली की सभामंडपही रुंदावणार, हे मी पूर्णपणे मान्य करतो. वाळवी लागलेला खांब केवळ जुना म्हणून ठेवा, असा हट्ट कोणी धरू नये. परंतु जीर्णोद्धाराचा नारळ फोडण्यापूर्वी जुन्या मंडपाचा प्रत्येक खांब, प्रत्येक हस्त, तक्तपोशीचा प्रत्येक फलक छायाचित्रात आणि मापासह उतरवून ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. गावोगावी स्लॅब, चकचकीत फरश्या आणि लोखंडी जाळ्या यांचे नवे मंडप उभे राहिले, आणि जुन्या मंडपातील लाकूड वखारीत गेले. त्यांतल्या किती मंडपांचे एक तरी धड छायाचित्र त्या त्या देवस्थानच्या दप्तरी आहे, याचा शोध विश्वस्तांनी स्वतःच घेऊन पाहावा.

उत्सवाच्या मांडवांकडे आता वळतो. कल्याणच्या सुभेदारवाड्याचा गणेशोत्सव लोकमान्यांच्या काळाचा वारसा सांगतो, आणि डोंबिवलीत १९२४ साली स्थापन झालेल्या गणेश मंदिराभोवती या गावाचे सांस्कृतिक जीवन वाढले. एवढ्या दीर्घ काळात मांडव किती बदलला याचा कोणी विचार केला आहे काय? माडाच्या झावळ्या आणि पताका यांचा मांडव, मग कापडी शामियाना, मग पडद्यांचे पौराणिक देखावे, मग प्लास्टरचे महाल, मग थर्माकोलचे मखर आणि राजवाडे, अशी त्याची स्थित्यंतरे झाली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलवर बंदी घातली, आणि ती पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यकच होती. परंतु तीबरोबर तापलेल्या तारेने थर्माकोल कापून त्यातून नक्षीदार कमानी आणि शिखरे घडविणाऱ्या कारागिरांची एक संपूर्ण कला संपुष्टात आली. त्यांतील कित्येकांनी पुठ्ठा, कागद, बांबू आणि कापड यांकडे वळून नवे कौशल्य संपादन केले, आणि हे संक्रमण महाराष्ट्राच्या लोककलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. ते लिहायचे तर साधने कोठून आणावीत? मंडळांच्या अहवालांत वर्गणीचा हिशेब पैपर्यंत मिळतो, आणि मांडव कसा होता याची ओळही मिळत नाही.

साहित्याच्या मंडपांचीही तीच गत आहे. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडासंकुलात उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीच्या क्रीडासंकुलात डॉ. अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली ९० वे संमेलन पु. भा. भावे साहित्यनगरीत झाले. हजारो श्रोत्यांना तीन दिवस ऊन, थंडी आणि धूळ यांपासून आडोसा देणारे ते विशाल मंडप उभारणे म्हणजे लहानशी नगररचनाच होती. भाषणे छापली गेली, ठराव नोंदले गेले, व्यासपीठावरील प्रत्येक चेहरा चित्रित झाला. मंडपाचा आराखडा, त्याचे खण आणि तो उभारणारे मांडववाले मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. ही मंडळी आपल्या कामावर नाव कोरीत नाहीत. त्यांच्या कसबाचा एकमेव दाखला छायाचित्र हाच असू शकतो, आणि तो दाखला आम्ही त्यांना नाकारीत आलो, हे मला कष्टप्रद वाटते.

काही विचारी मित्र म्हणतात की या साऱ्यापेक्षा मांडवांनी अडलेले रस्ते मोकळे करणे अधिक अगत्याचे आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ठाण्यातीलच एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली उत्सवातील ध्वनी आणि बेकायदा मंडप यांविषयी कडक आदेश दिले, आणि त्यानंतर परवान्याचा जाबता अधिक काटेकोर झाला. रुग्णवाहिकेची वाट अडविणाऱ्या मांडवाची कैफियत मी कधीही मांडणार नाही. परंतु नियमांचे पालन आणि वास्तूची नोंद यांत विरोध नसून उलट मेळ आहे. मंडळ आजही महापालिकेकडे अर्ज करते, वाहतूक पोलीस व अग्निशमन दल यांचे ना-हरकत दाखले जोडते. त्याच प्रकरणात मांडव उभा राहिल्यानंतरची, ठरावीक जागांवरून घेतलेली, मापपट्टीसह पाच-सहा छायाचित्रे रुजू करण्याची अट घातली तर रस्ता किती व्यापला याचाही पुरावा मिळेल, आणि वर्षानुवर्षांचे एक अमोल दप्तरही आपोआप तयार होईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना याकरिता नवे खाते काढावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप असा की चित्रे तर आजच अगणित घेतली जात आहेत, मग उणीव कसली? उणीव नोंदीची आहे. कोणत्या वर्षीचे, कोणत्या चौकातले, कोणी उभारलेले, कोणत्या द्रव्याचे, हे चार शब्द ज्या चित्राच्या पाठीवर नाहीत ते चित्र दहा वर्षांनी मुके होते. आणि ते ज्या भ्रमणध्वनीत आहे तो बिघडला की नाहीसेही होते. त्याकरिता त्यांना सार्वजनिक घर हवे. असे घर बांधण्याची गरजच नाही, कारण ते आमच्यापाशी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून या भागातील विद्येचे जतन करीत आले आहे. या संस्थांनी मंडपांच्या छायाचित्रांसाठी एक स्वतंत्र विभाग उघडावा. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत तेथे बसून चित्रांची वर्गवारी करावी. आणि ज्या कुटुंबांच्या जुन्या संग्रहांत एखाद्या मांडवाचे, एखाद्या पडलेल्या सभामंडपाचे किंवा घरापुढील लग्नमंडपाचे चित्र असेल त्यांनी मूळ स्वतःपाशी ठेवून नक्कल तेथे द्यावी.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना, देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि छायाचित्रणाची आवड असलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. यंदाचा मांडव सजून तयार झाला, आणि गर्दी अजून लोटलेली नाही, अशा एखाद्या सकाळी अर्धा तास काढावा; अक्षावरून, कोपऱ्यांतून, आतून दाराकडे आणि जमिनीवरून छताकडे अशी चित्रे घ्यावीत; प्रत्येकाच्या मागे वर्ष, ठिकाण, माप, साहित्य आणि मांडव उभारणाऱ्या कारागिराचे नाव, त्याची संमती घेऊन, लिहावे; आणि विसर्जनानंतरच्या महिन्याभरात त्यांचा एक संच जवळच्या वाचनालयात पावती घेऊन जमा करावा.